घाट पुढे आहे हे हायब्रिड गाडीला आधीच कळले तर?

कन्नडकर: छत्रपती संभाजीनगरहून कन्नडमार्गे चाळीसगावला महिन्यातून दोन-तीनदा जाणे होते. गाडी स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्हींवर चालणारी; उतारावर मोटारच जनित्र बनून बॅटरी फुकट भरते. कन्नडपर्यंत इंजिन अधूनमधून बॅटरी भरत राहते, त्यामुळे औट्रम घाटाच्या माथ्यावर ती बरीच भरलेली असते. परिणामी उताराच्या मध्यावरच ती पूर्ण भरते आणि पुढे इंजिन नुसते घोंघावत राहते. पेट्रोल जाळून भरलेल्या विजेने फुकटच्या विजेची जागा अडवावी, हे पटत नाही. पुढचा रस्ता पाहून ऊर्जेचे नियोजन करणारी प्रेडिक्टिव्ह प्रणाली हे टाळते का? ती नसलेल्या गाडीत चालकाला काही करता येते का?

वाळूजचा अभियंता: टाळते, आणि ते का जमते हे साध्या हिशेबाने दिसते. माणसांसह दीड टन वजनाची गाडी 100 मीटर खाली उतरली की सुमारे 0.4 युनिट ऊर्जा मोकळी होते; टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि मोटारीतील घट वजा जाता त्यातील निम्म्याहून थोडी अधिक बॅटरीत पोहोचते. आपल्या वर्गातील गाडीची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची असते, शिवाय आयुष्य टिकावे म्हणून ती पूर्ण रिकामी वा पूर्ण भरू दिली जात नाही. नेहमीचे नियंत्रण फक्त या क्षणीची मागणी पाहते. प्रेडिक्टिव्ह नियंत्रण नकाशातील चढउतार आणि वेग यांवरून पुढच्या काही किलोमीटरचा अंदाज बांधते व घाटाआधी मोटारीकडून जास्त काम करून घेऊन बॅटरीत जागा करते. इंजिनाचे घोंघावणे हा मात्र बिघाड नव्हे: बॅटरीत जागा उरली नाही की मोटार इंजिनाला इंधनाविना फिरवून जादा ऊर्जा खर्ची घालते, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत.

पैठणचा वाचक: आम्हा नाथसागराकाठच्या लोकांना हे नवे नाही. वरून पूर येणार असेल तर आधीच विसर्ग करून धरणात जागा ठेवतात. पण पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. जलाशयाचे नियोजन आणि हायब्रिडचे नियोजन या दोन्हींसाठी गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांचे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे टप्प्याटप्प्याचे निर्णय पुढच्या परिणामांसह ठरवण्याची गणिती पद्धत, वापरतात, हा योगायोग नाही. गाडीतही अंदाज चुकला, म्हणजे चालक घाटाआधीच वळला, तर रिकामी बॅटरी पेट्रोलनेच भरावी लागते.

लातूरकर: तत्त्व मान्य, पण लाभ किती? घाटात पाव युनिट जास्त साठले तरी वाचणारे पेट्रोल 100 मिलिलिटरच्या आतच राहील, आणि आमच्याकडच्या सपाट रस्त्यांवर तेही नाही. बॅटरी मोठी असलेल्या आणि घरच्या विजेवर भरता येणाऱ्या प्लग-इन हायब्रिडमध्ये या प्रणालीला खरा अर्थ आहे, कारण तिथे घरी भरलेली वीज महामार्गावर संपवायची की शहरातील गर्दीसाठी राखायची, हा निर्णय मोठा असतो.

वाळूजचा अभियंता: लातूरकरांचा हिशेब बरोबर आहे. कन्नडकर, आपण एवढेच करा: ईव्ही मोडचे (फक्त विजेवर चालण्याचे) बटण असल्यास कन्नड गावातील संथ वाहतुकीत वापरा आणि घाटात बी मोड (उतारावर गाडी जास्त रोखून धरणारा गिअर) ठेवा. न्यूट्रलमध्ये मात्र कधीही उतरू नका. त्यात बॅटरी भरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. परतीच्या चढाला नियोजन उलट लागते, म्हणजे पायथ्याशी बॅटरी भरलेली हवी.

कन्नडकर: कालच्या फेरीत ईव्ही मोड वापरून पाहिला. माथ्यावर बॅटरीच्या दोन पट्ट्या रिकाम्या होत्या आणि घोंघावणे शेवटच्या काही वळणांपुरतेच उरले. परतीला पायथ्याशी बॅटरी भरलेली ठेवणे मात्र जमले नाही.