निधी नदीपात्रावर खर्चावा की पाणलोटावर?

प्रश्न: पावसाळा सरताच आटणाऱ्या नदीसाठी काठची गावे, शेतकरी आणि कारखाने मिळून निधी उभारणार असतील, तर तो पात्राच्या खोलीकरणावर खर्च करावा की पाणलोटातील, म्हणजे ज्या भागातले पावसाचे पाणी नदीला मिळते तेथील, कामांवर?

प्रतिसाद १: पाणलोटावर, आणि तेही माथ्याकडून पायथ्याकडे. पावसाळ्यानंतर नदीत वाहते ते मुख्यतः भूजलातून झिरपणारे पाणी असल्याने, समतल चर (उताराला आडवे खणलेले चर), झाडोरा आणि नाल्यांवरील लहान बांध यांच्या साहाय्याने पावसाचे पाणी जमिनीत मुरवल्याखेरीज प्रवाह टिकत नाही. बेसुमार खोलीकरणाने मात्र भोवतालच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

प्रतिसाद २: सहमत, परंतु मुरवलेले पाणी विंधन विहिरींनीच उपसले, तर नदीपर्यंत काय पोहोचणार? राजस्थानातील अरवरी नदी जोहडांमुळे (पावसाचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधांमुळे) पुन्हा वाहू लागल्यावर काठच्या गावांनी १९९९ मध्ये ‘अरवरी संसद’ स्थापन केली आणि पाण्याच्या वापराचे नियम ठरवले. माझ्या मते बांधकामाआधीच उपशाचा करार व्हावा.

प्रश्नकर्ता: आणि त्या कराराची पडताळणी?

प्रतिसाद २: ठरावीक विहिरींची पातळी पावसाळ्याआधी व नंतर सर्वांसमक्ष मोजून फलकावर लिहावी, आणि कारखान्यांच्या जलमापकांची नोंदही त्याच फलकावर लिहावी.