पोच घेतली होती का?

बाबा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत लाल नाडीने बांधलेली चार गाठोडी. आयुष्यात केलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत त्यांनी जपली होती. समासात जांभळा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, खाली कुणाची तरी लपेटदार सही. आम्ही कुठूनही अर्ज देऊन आलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पोच घेतलीस का?" तेव्हा राग यायचा. पण सेवापुस्तकातली एक नोंद राहून गेली म्हणून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सात महिने अडलं होतं, ते सुटलं बाबांच्या 1987 सालच्या एका पोचेवर. नोंद दुरुस्त करा असं त्यांनी तेव्हाच लेखी कळवलं होतं.

शाळा, बँक, तलाठी, सोसायटी, घरातली माणसं, कुठलाही अनुभव असू दे. पोच होती म्हणून काय वाचलं, नव्हती म्हणून काय गेलं, ते मनापासून लिहा. कार्यालयांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

*

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या निकालात एका विषयापुढे 'गैरहजर' आलं. मी तीन तास बसून पेपर लिहिला होता, दोन पुरवण्या घेतल्या होत्या. कॉलेज म्हणालं विद्यापीठात जा, विद्यापीठाच्या खिडकीवरून उत्तर आलं, कॉलेजचं पत्र आणा. महिनाभर हेच.

माझ्या हातात होतं फक्त हॉल तिकीट. मागच्या बाजूला प्रत्येक पेपरच्या तारखेसमोर पर्यवेक्षकांची सही. परीक्षा संपली की बरेच जण ते टाकून देतात. माझं आईने गॅसच्या पुस्तकात घालून ठेवलं होतं. त्याची झेरॉक्स जोडून माहिती अधिकारात अर्ज केला: हजेरीपत्रकातली माझ्यापुरती नोंद आणि माझी उत्तरपत्रिका. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत हवा, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मी तो तीनदा लिहून काढला, कारण पहिल्या दोन वेळा त्यात नुसता संताप होता.

उत्तरपत्रिका भलत्याच केंद्राच्या गठ्ठ्यात निघाली. 54 गुण होते. वर्ष वाचलं, पण ज्या इंटर्नशिपसाठी तो निकाल हवा होता ती गेली. तिची भरपाई कुणीच करत नाही.

*

मला थोडी मदत हवी आहे. मिस्टर जाऊन दोन महिने झाले. शेती त्यांच्या नावावर, दोन मुलं आणि मी वारस. सातबाऱ्यावर नावं लावायला तलाठ्यांकडे तीनदा जाऊन सांगितलं. "वहिनी, काळजी करू नका, करून टाकतो," एवढंच ऐकून परत येते. अर्ज एकदा दिला तो त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला. पोच मागायला जीभ रेटली नाही. आमच्या ह्यांचे मित्र आहेत ते. मागितली तर विश्वास नाही असं वाटेल ना?

*

ताई, मी 31 वर्षं बारनिशीला होतो, म्हणजे आवक-जावक. माझ्या हातूनच शिक्के पडले, म्हणून सांगतो.

पोच मागणं म्हणजे अविश्वास नाही, आणि इथे तर ती मागायचीही गरज पडू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 149 काढून बघा. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची, तोंडी किंवा लेखी, आणि तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची. 'लगेच' हे कायद्यात आहे. तुमचे दोन महिने गेलेत, आता थांबू नका. दोन प्रती करा, मृत्यूचा दाखला जोडा, आणि "भाऊजी, एवढ्या प्रतीवर सही-शिक्का द्या," इतकंच म्हणा. मित्र असतील तर नक्की देतील. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाईन प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो, त्यात अर्जाचा क्रमांक मिळतो.

आता पोच द्यायला का टाळतात तेही सांगतो, कारण मीही टाळलीय. शिक्का पडला की त्या कागदाचं वय मोजायला सुरुवात होते. माहिती अधिकारात 30 दिवस, ते उलटले तर दिवसाला 250 रुपये, 25,000 पर्यंत दंड, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातही ठरल्या मुदतीत काम केलं नाही तर 500 ते 5000 चा दंड आहे. कागद नुसताच टेबलावर पडून असेल तर त्याला वयच नाही. म्हणून साहेब सांगायचे, "आधी मला दाखव, मग शिक्का मार."

एकदा एक म्हातारे गृहस्थ वहीच्या फाडलेल्या पानावर अर्ज लिहून आले होते. शाईवर घामाचे डाग. साहेब रजेवर होते. मी म्हणालो, सोमवारी या. ते सोमवारी आले, मी म्हणालो, गुरुवारी या. गुरुवारी आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत. शिक्का माझ्या उजव्या हाताला होता, शाईचा पॅडही उघडा होता. निवृत्तीच्या भाषणात सगळे माझ्याबद्दल चांगलं बोलले तेव्हा मला तो अर्ज आठवत होता.

*

बँकेबद्दल लिहितो. रात्री सव्वाअकराला खात्यातून 48,000 गेल्याचा मेसेज आला. वडिलांनी कुणाला तरी ओटीपी सांगितला होता. ते इतके घाबरले की बोलायलाच तयार होईनात. सकाळी बँकेत जाऊ म्हणाले. मी तिथल्या तिथे 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर लावला, बँकेच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, दोन्हींचे क्रमांक आणि वेळ कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली: 11.41. त्यानंतर 12.06 ला आणखी 20,000 गेले.

बँकेचं म्हणणं, ओटीपी तुम्ही दिला, चूक तुमची. पण रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट होतं की ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि तक्रार आली की क्रमांकासकट पोच लगेच द्यायची हेही त्यातच होतं. ते 20,000 परत आले. 48,000 पैकी काही रक्कम 1930 मुळे मधल्या खात्यात गोठवली गेली, तिच्यासाठी कोर्टाचा आदेश आणावा लागला.

मला इथे तंत्रज्ञानावर एक बोलायचं आहे. शिक्क्याच्या जागी तक्रार क्रमांक आला, ही माझ्या मते खरोखर चांगली गोष्ट झाली. रात्री पावणेबाराला कुठली खिडकी उघडी असते? पण वडिलांच्या वयाच्या माणसाला कागदावर शिक्का दिसला तरच धीर येतो. म्हणून मी त्यांना त्या मेसेजचं प्रिंट काढून दिलं. ते त्यांनी पाकिटात ठेवलंय, अजूनही आहे.

*

सगळ्यांचं वाचलं. माझी गोष्ट कार्यालयातली नाही, घरातली आहे.

मावसभावाला घरासाठी तीन लाख दिले होते. चेकने दिले, तेवढं बरं केलं. लिहून काही घेतलं नाही. मावशी समोर बसली होती, तिने चहा केला, पोह्यांवर खोबरं घातलं, त्या टेबलावर मी कागद कसा काढणार? पहिल्या वर्षी तो स्वतःहून विषय काढायचा. दुसऱ्या वर्षी मी काढायचो. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघंही लग्नाकार्यात एकमेकांपासून दूर बसायला लागलो.

वकिलांकडे गेलो तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. त्यांनी मुदतीचा कायदा समजावला. 1963 चा आहे. अशा उसनवारीच्या वसुलीला तीन वर्षं. मात्र ती संपायच्या आत देणेकऱ्याने 'देणं आहे' असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने धरतात. एक ओळ पुरली असती. "तुझे तीन लाख देणं लागतो, पुढच्या दिवाळीपर्यंत देतो," खाली सही. त्याने ती आनंदाने दिली असती, पहिल्या वर्षी तर नक्कीच. त्याची नियत वाईट नव्हती, असं मी आजही म्हणतो. धंदा बसला, लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी माणूस फोन उचलत नाही.

शाळेत आम्हाला अर्जलेखन होतं. 'मा. मुख्याध्यापक यांस', विषय, आपला विश्वासू. पाच गुणांसाठी पाठ केलं. तो अर्ज दिल्यावर पुढे काय करायचं हे एकाही इयत्तेत नव्हतं. दहावीच्या पोराला उसनवारीची चिठ्ठी, भाडेकरार, पोच, मुदत एवढं शिकवायला आठ तास लागतील. माझ्या मुलीला मी घरी शिकवतोय. तिने मैत्रिणीला सायकल दिली तेव्हा दोघींनी मिळून चिठ्ठी लिहिली आणि दोघींनी सही केली. मैत्री छान चालू आहे.

*

मावसभावाचं वाचून गलबललं.

माझं छोटंसं. वरच्या मजल्यावरून गळती, सोसायटीचे सचिव पत्रच घेईनात. रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. मी रागाने फाडणार होते, शेजारच्या आजोबांनी हात धरला. म्हणाले, बंदच ठेव, त्या शेऱ्याला किंमत आहे. उपनिबंधकांकडे ते न उघडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं, आणि पत्र मिळालंच नाही हा मुद्दा तिथेच संपला. गळती पुढच्या पावसाळ्याआधी बंद झाली.

*

शाळेचा दाखला अडवला असेल त्यांच्यासाठी: शिक्षण हक्क कायदा, कलम 5. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. आमच्या चौथीतल्या मुलाला नव्या शाळेने याच कलमावर बसवून घेतलं. जुन्या शाळेला दिलेल्या अर्जाची पोच मात्र त्यांनी मागून घेतली, आणि नशिबाने ती होती.

*

वारसनोंदीचं विचारणारी मीच. आज सकाळी गेले. मोठा मुलगा बरोबर होता. दोन प्रती, मृत्यूचा दाखला, तिघांची आधार. बारनिशीच्या काकांनी सांगितलं तसंच बोलले, "भाऊजी, एवढ्या प्रतीवर द्या." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग खणातून माझा जुना अर्जही काढला, म्हणाले, वहिनी, माझंच चुकलं. नोंद धरली की नोटीस निघेल, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील.

शिक्का पहिल्यांदा अर्धाच उमटला, तारीख दिसत नव्हती. मुलगा म्हणाला, चालेल आई. मी म्हटलं नाही, आणि पुन्हा मारून घेतला.