मदत हवी आहे: सड्यावरच्या शाळेत मुलं सायकलने यावीत म्हणून काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. यंदा पालक-शिक्षक संघात माझं नाव घातलंय आणि पहिल्याच सभेत मी बोलून बसलो की मुलांना सायकलीवर आणू. आता सगळे माझ्याकडे बघतायत.

शाळा वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, वस्ती खाली माडा-पोफळीत. मधे दीड किलोमीटरची घाटी, तीन वळणं. आठवी ते दहावी मिळून ९४ मुलं. गेल्या सोमवारी फाटकाशी उभा राहून मोजलं, सायकलने ६ आली. लांबच्या मुली एसटीने येतात, त्यांना पास मोफत आहे आणि गाडी शाळेपाशीच थांबते. त्यांचं ठीक चाललंय. प्रश्न दोन ते चार किलोमीटरवाल्यांचा आहे. ही मुलं आईच्या नाहीतर काकाच्या स्कूटीवर मागे बसून येतात. दहावीतले दोघे-तिघे स्वतःच चालवत येतात आणि गाडी अलीकडे आंब्याखाली लावतात, म्हणजे सरांना दिसत नाही. (सरांना दिसते.)

माझी मुलगीही माझ्याच मागे बसून येते, हे आधीच कबूल करतो.

सभेत मी सांगितलं की आम्ही नळीखालून पाय घालून याच घाटीने सायकली हाणल्यात. त्यावर एक आई म्हणाल्या, "तेव्हा चिऱ्यांचे डंपर होते का हो?" नव्हते. सड्यापलीकडे चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची खाण आहे आणि भरलेले डंपर नेमके शाळा भरायच्या वेळी घाटी उतरतात.

मग चार वाड्या फिरलो. सायकल नाही असं घर फार थोडं. गणपतीला मुंबईहून येताना काका-मामा आणतात ना, जाड टायरची, चकचकीत, ती पडवीत असते. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, दप्तर पाठीवर. पंक्चर झाली की बाजारपेठेत न्यायची, ९ किलोमीटर. कोण नेणार? मग ती तशीच गंजते, कोंबड्या वर बसतात.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. घाटीचं काय करावं? डंपरवाल्यांना कुणी आणि कसं सांगावं? आणि मुलींच्या आया म्हणतात सड्यावर एकटीला पाठवणार नाही, त्यात मला काही चूक वाटत नाही, पण उपाय काय?

पान्हा_१४_१५:
भाऊ, सायकल दुरुस्तीत २२ वर्षं गेली माझी. आधी सायकली बघा, मग घाटी. आपल्याकडे सायकल कपड्यांसारखी घेतात, वाढत्या अंगाची. पाय टेकत नाहीत त्या पोराला उतारावर सोडणं म्हणजे देवावर हवाला. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत, नाहीतर ती सायकल धाकट्याला नाही, थोरल्याला द्या.

दुसरं, ब्रेक. खाऱ्या हवेने तार नळीच्या आत गंजते, दाबला की दाबलेलाच राहतो. रबरं कडक होतात. तार बदला, रबरं बदला, तारेला तेलाचे दोन थेंब. फार खर्च नाही. दुरुस्तीवाल्याला महिन्यातून एक शनिवार शाळेतच बोलवा, ३०-४० सायकली एकदम मिळाल्या तर तो आनंदाने येईल.

चढाला सायकल हातात धरून चालायची, त्यात लाज कसली. उताराला मात्र पहिल्या वळणाच्या अलीकडे चुन्याचा पट्टा मारा आणि तिथे सायकलवरून उतरायचंच, असा नियम करा. वळणावर चिऱ्याची भुकटी साचते, त्यावर चाक सटकतं.

पावसाळ्यात हट्ट नको. ओल्या रिमवर ब्रेक लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा.

निवृत्त_बाई:
एकटीला पाठवायचंच नाही. शिमग्यात पालखी कशी निघते? घरं ठरलेली, वेळ ठरलेली, आपल्या दारात यायच्या आधी माणूस तयार उभा. तशीच वाडीतून सायकलींची रांग काढा. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. शेवटच्या वाडीतून निघायचं आणि वाटेत एकेक मूल जोडत यायचं. परदेशात याला सायकल बस म्हणतात, बार्सिलोनात पालक अशी चालवतात.

बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिलं तर मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती, आणि जास्त फायदा शाळेपासून लांबच्या गावांत. तिथे घोळके करून जायच्या मुली, हे महत्त्वाचं. आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकली मिळतात, पण निवडक तालुक्यांतच. तुमचा तालुका आहे का ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारून घ्या.

खाडीकाठ:
डंपरसाठी ग्रामसभेत ठराव घ्या. २ ऑक्टोबर हुकला तर २६ जानेवारी आहेच. मागणी नेमकी ठेवा: शाळा भरताना पाऊण तास, सुटताना पाऊण तास घाटीत डंपर नको. 'डंपर बंद करा' म्हणालात तर अर्धी सभा उठून जाईल, चालक गावचेच असणार.

आणि आंब्याखालच्या गाड्यांबद्दल पालकांना एवढंच वाचून दाखवा: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बाई, पालखीची कल्पना वाडीत सांगितली, लगेच पटली. एक आजोबा म्हणाले, "मी पुढे चालतो, पण सायकल कुणाची?" मागे मी आहे. म्हणजे मुलीची स्कूटी बंद, ती सध्या माझ्याशी बोलत नाही.

खाणवाल्यांना उद्या भेटतो. आधी भेट, मग ठराव, असं सरपंच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं.

पान्हाभाऊ, एक राहिलं. शाळेत पंप ठेवायचाय. जाड टायरवाल्यांचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा, साध्या सायकलींचा वेगळा. दोन्हींना चालेल असा पायपंप मिळतो का, की दोन घ्यावे लागतील?