पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर कसा? तीन पत्ती खेळणाऱ्याच्या काही शंका

गोदाकाठ

नमस्कार. दिवाळीत सगळे जमले की आमच्या घरी तीन पत्तीचा डाव मांडला जातो. पैसे लावत नाही. प्रत्येकाला पन्नास चिंचोके मोजून देतो. यंदा भाच्याने आग्रहाने पोकरचा ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते आणि मध्ये सर्वांसाठी पाच उघडे पत्ते, एवढे लगेच समजले; पण दोन डावांवरून जो वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

पहिल्या डावात मध्ये बदाम छक्की, किलवर सत्ती, बदाम नव्वी, बदाम राणी आणि इस्पिक तिर्री असे पत्ते होते. माझ्याकडे किलवर दश्शी आणि चौकट अठ्ठी, म्हणजे छक्कीपासून दश्शीपर्यंत सलग सिक्वेन्स. भाच्याकडे बदामाची दुर्री आणि चौकी, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे, नुसता कलर. तरीही ढीग त्याने ओढला. दुसऱ्या डावात मध्ये दोन राजे, दोन सत्त्या आणि एक चौकी आली. सौ.कडे दुऱ्यांची जोडी होती, म्हणजे एकूण तीन जोड्या. मेहुण्यांच्या हातात एक्का आणि नव्वी, जोडी नावालाही नाही, आणि भाच्याने डाव त्यांना दिला!

आणखी एक गोष्ट. मी हातातले पत्ते नीट पाहिलेले असतानाही तो “मामा, या वेळी तुम्ही ब्लाइंड आहात” असे म्हणतो. हे नियम खरे आहेत, की आम्हा ज्येष्ठांना गुंडाळले जात आहे?

इस्पिकएक्का

आपल्या भाच्याने दोन्ही निवाडे योग्यच दिले आहेत. तीन पत्तीत हात तीन पत्त्यांचा असतो, तर पोकरमध्ये नेहमी पाचांचा, आणि एवढ्या एका फरकाने क्रम उलटतो. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते उचलण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांपैकी ७२० साध्या सिक्वेन्सचे आणि १,०९६ कलरचे असतात. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती वरची. पाच पत्त्यांचे मात्र २५,९८,९६० प्रकार होतात, त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर अवघे ५,१०८. पाचही पत्ते एकाच रंगाचे येणे हे पाच पत्ते ओळीने लागण्यापेक्षा जवळजवळ दुपटीने अवघड आहे, म्हणून पोकरमध्ये कलर, म्हणजे तिथला फ्लश, सिक्वेन्सला म्हणजे स्ट्रेटला हरवतो. आपल्या त्या डावात पहिले तीन पत्ते उघडले तेव्हाच आपली सिक्वेन्स पूर्ण झालेली होती आणि भाचा मागे होता. बदाम राणी उघडली आणि पारडे फिरले.

सर्वांत वर एकाच रंगाची सिक्वेन्स, आणि त्यातही एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी ही सर्वश्रेष्ठ. तिच्याखाली एकाच दर्जाचे चारही पत्ते, मग तीन आणि दोन मिळून होणारे फुल हाउस, मग कलर, मग सिक्वेन्स. आपल्याकडे सर्वांना धूळ चारणारी ट्रेल, म्हणजे एकाच दर्जाचे तीन पत्ते, इथे सिक्वेन्सच्याही खाली उतरते, हे पचवायला मला स्वतःला बरेच दिवस लागले. त्यानंतर दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसता मोठा पत्ता.

आता तीन जोड्यांविषयी. हातातले दोन आणि मधले पाच अशा सात पत्त्यांतून सर्वांत भारी ठरणारे पाचच पत्ते मोजले जातात, उरलेले दोन जणू वाटलेच नव्हते असे समजायचे. वहिनींचे पाच पत्ते म्हणजे दोन राजे, दोन सत्त्या आणि मधलीच चौकी. दुऱ्यांना त्यात जागाच नाही. मेहुण्यांचे पाच म्हणजे तेच राजे, त्याच सत्त्या आणि पाचवा एक्का. जोड्या सारख्या निघाल्या की उरलेला सुटा पत्ता निकाल लावतो, त्याला ‘किकर’ म्हणतात. नवखे लोक हरतात ते बहुधा या किकरकडे दुर्लक्ष केल्यामुळे. हातातले दोन्ही पत्ते वापरलेच पाहिजेत अशी सक्ती होल्डेममध्ये नाही. एक वापरा किंवा एकही वापरू नका. मधलेच पाच पत्ते सर्वांना भारी पडत असतील, तर ढीग सारखा वाटला जातो.

गणितवेडी

वरील प्रतिसादात एक पुरवणी जोडते. दुर्मीळ तो श्रेष्ठ, हे सूत्र पोकरच्या पाच पत्त्यांना तंतोतंत लागू पडते, पण तीन पत्तीत एके ठिकाणी मोडते. ट्रेल ५२ प्रकारांनी लागते आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सिक्वेन्स, केवळ ४८ प्रकारांनी, तरीही मान ट्रेललाच. म्हणजे तिथे हिशेबापेक्षा रूढी मोठी ठरली.

गंमत अशी की होल्डेममध्येही सात पत्त्यांचा हिशेब मांडला तर खालच्या पायऱ्या डळमळतात. सात पत्त्यांत जोडी, सिक्वेन्स, कलर यांपैकी काहीच न लागण्याची शक्यता सुमारे १७.४ टक्के, तर नेमकी एक जोडी हा सर्वोत्तम हात ठरण्याची सुमारे ४३.८ टक्के. मग ‘काहीच नाही’ हा हात जोडीच्या वर का ठेवत नाहीत? कारण तसे केले तर ज्याच्याकडे एक जोडी आहे, तो तिच्यातला एक पत्ता बाजूला ठेवून पाच सुटे पत्ते दाखवील आणि तो दुर्मीळ हात क्षणात स्वस्त होईल. म्हणून पाच पत्त्यांचा जुना क्रमच कायम ठेवलेला आहे.

पिसणारा

‘ब्लाइंड’चा घोटाळा आमच्याही घरी झाला होता. तीन पत्तीत पत्ते न पाहता खेळणारा तो ब्लाइंड. पोकरमध्ये मात्र पत्ते वाटण्यापूर्वी लावायच्या सक्तीच्या रकमेला ब्लाइंड म्हणतात. आपल्या बूटचाच, म्हणजे तीन पत्तीत डावाच्या सुरुवातीला भरायच्या रकमेचाच, हा भाऊ समजा, पण बूट सगळे भरतात आणि ब्लाइंड फक्त दोघे. वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला लहान ब्लाइंड लावतो, त्याच्यापुढचा मोठा, साधारणपणे त्याच्या दुप्पट. आणि दर डावाला हा मान एकेक जागा पुढे सरकतो. भाचा आपल्याकडून चिंचोके मागत होता, डोळे मिटायला सांगत नव्हता.

बोली चार वेळा लागते: दोन पत्ते हाती आल्यावर, मधले पहिले तीन उघडल्यावर, चौथा उघडल्यावर आणि पाचवा उघडल्यावर. आपल्या पाळीला समोरच्याएवढे चिंचोके टाकून टिकायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. अजून कोणी काही लावलेलेच नसेल तर ‘चेक’ म्हणून पाळी पुढे ढकलता येते. पत्ते पाहिलेल्याने दुप्पट चाल द्यावी, असला भेद इथे नाही, टिकणाऱ्या प्रत्येकाचा भरणा शेवटी सारखाच व्हावा लागतो. ज्याचे चिंचोके संपले, तो उरलेले सगळे लावून डावात राहू शकतो, मात्र इतरांकडून त्याने लावले तेवढ्याच चिंचोक्यांवर त्याचा हक्क असतो. त्यावरचा ढीग वेगळा ठेवून बाकीच्यांत सोडवतात. आणि बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, तर उरलेला एकटा कोणताही पत्ता न दाखवता ढीग नेतो. तिथे कोणाचा हात वरचा होता, हा प्रश्नच उद्भवत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवले. दुऱ्यांचे दुःख तिने मान्य केले आहे, पण मेहुण्यांचा एक्का अजून तिला खुपतो. दोन शंका उरल्या. दोघांनाही कलर लागला, तर इस्पिकचा मोठा मानायचा का? आणि आम्ही एक्का, दुर्री, तिर्री ही सिक्वेन्स एक्का, राजा, राणीच्या खालोखाल धरतो, तसे इथे चालेल का?

इस्पिकएक्का

नाही, चारही रंग समान आहेत. दोन्ही कलरांतला सर्वांत मोठा पत्ता पाहायचा, तो सारखा असेल तर त्याखालचा, असे पाचव्यापर्यंत उतरत जायचे. एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स चालते, पण ती सर्वांत लहान. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचीही तिला हरवते. राणी, राजा, एक्का, दुर्री, तिर्री असा वळसा घालून आलेली सिक्वेन्स मात्र मुळीच धरत नाहीत. भाच्याने तशी दाखवली, तर चिंचोके सोडू नका.