अमेरिकेची दारूबंदी अर्ध्या टक्क्यापायी बुडाली का?

उंबरकर
अमेरिकेतल्या दारूबंदीचा विषय निघाला की ‘पिणारा पितोच, कायद्याने काय होतंय’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत चाललेली ही बंदी व्होल्स्टेड कायद्यातल्या एका आकड्यापायी फसली, असं माझं मत आहे.

अठराव्या घटनादुरुस्तीत फक्त ‘मादक पेयं’ म्हटलं होतं. त्यांचं उत्पादन, विक्री, वाहतूक, आयात-निर्यात बंद; पिण्यावर बंदी नव्हतीच. मादक म्हणजे किती, हे ऑक्टोबर १९१९ मध्ये व्होल्स्टेड कायद्याने ठरवलं, तेही अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून. मर्यादा ०.५ टक्के मद्यार्क! दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्या अनेकांना वाटलं होतं की व्हिस्की जाईल, गुत्ते जातील, पण हलकी बिअर राहील. युद्धकाळात तर २.७५ टक्क्यांची मर्यादा होतीच. तीच ठेवली असती तर कामगारवर्ग कायद्यावर उलटला नसता.

त्यात चोरट्या मालाचं गणित ट्रकमधल्या जागेवर चालतं. बिअरमध्ये मद्यार्क चार-पाच टक्के, व्हिस्कीत चाळीसच्या पुढे. पकडलं जायचा धोका तेवढाच, मग पिंपंच्या पिंपं पाणी कोण वाहून नेणार? म्हणून कडक दारू फोफावली आणि बिअर पिणाऱ्याला कायद्यानेच जिनकडे ढकललं.

दक्षिणवारा
असहमत. २.७५ ची रेघ एक वर्षही टिकली नसती. अर्ध्या टक्क्याची कायदेशीर बिअर कशी बनायची ते बघा. आधी नेहमीसारखी पूर्ण बिअर आंबवायची, मग तिच्यातला मद्यार्क काढून टाकायचा. म्हणजे परवानाधारक कारखान्यात पूर्ण ताकदीचा माल तयार असायचाच, शेवटची पायरी गाळली की झालं. नाहीतर दुकानात पिंपाच्या बुचातून सुई घालून मद्यार्क आत सोडायचा. मर्यादा वाढवली असती तर पळवाटा वाढल्या असत्या, कमी झाल्या नसत्या.

बंदी बुडाली ती अंमलबजावणीत. एवढ्या देशाला सुरुवातीला साधारण दीड हजार केंद्रीय अधिकारी, तेही तुटपुंज्या पगारावर. नेमणुका शिफारशीने, नागरी सेवेचे नियम लागू व्हायला १९२७ उजाडलं. मेरीलँडने राज्याचा अंमलबजावणी कायदा केलाच नाही, न्यूयॉर्कने केलेला १९२३ मध्ये मागे घेतला. वर सवलती होत्याच: डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांना एक पाइंट व्हिस्की. (आपल्याकडच्या १९४९ च्या मुंबई कायद्यातही प्रकृतीच्या कारणाचा परवाना आहे.) घरगुती फळांच्या रसालाही सूट होती, आणि तो आंबवून लोक घरीच वाइन करायचे. त्यापायी कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी उत्तम वाणांच्या वेली उपटून आलिकांत बुशे ही द्राक्षाची जात लावली, कारण त्याची साल जाड, रेल्वेच्या लांब प्रवासात द्राक्षं टिकतात.

मेधा_प
दोघंही ‘फसली’ हे गृहीत धरताय. सिरॉसिसने (यकृताच्या विकाराने) मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण १९११ मध्ये लाखात २९.५ होतं, १९२९ मध्ये १०.७. हे यश नाही?

दक्षिणवारा
उतार खरा आहे, पण तो १९२० च्या आधीच लागला होता. अनेक राज्यांत आधीपासून बंदी होती आणि युद्धात धान्यावर निर्बंध आले. खप सुरुवातीला आधीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला, पुढे ६०-७० पर्यंत चढला, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे.

शाईदौत
खपाच्या आकड्यात मालाचा दर्जा दिसत नाही, आणि माझा राग त्यावर आहे. कारखान्यांसाठीचा मद्यार्क पिता येऊ नये म्हणून त्यात विष घालत. टोळ्या तो पुन्हा गाळून विकत, म्हणून १९२६ च्या अखेरीस सरकारने मिथेनॉल वाढवायचं ठरवलं. साध्या भट्टीत ते पुरतं वेगळं होत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि दृष्टी जाते. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी तेव्हाच बजावलं होतं की यात गरीबच मरतात.

१९३० ची ‘जेक’ची घटना तर कायद्यातूनच जन्मली. ‘जेक’ म्हणजे मद्यार्कातला आल्याचा अर्क; तो औषध म्हणून विकता यायचा, पण त्यात आल्याचा घट्ट अंश ठरावीक हवा. निरीक्षक अर्क उकळून उरलेला गाळ तोलायचे. आलं महाग आणि कडू, म्हणून विक्रेत्यांनी प्लॅस्टिक मऊ करायचं ट्रायक्रेसिल फॉस्फेट मिसळलं. तपासणीत वजन बरोबर भरलं आणि हजारो लोकांचे पाय लुळे पडले. उंबरकर, इथे तुमचा अर्धा टक्का कुठे येतो?

उंबरकर
येतो. बाजारात स्वस्त, कायदेशीर बिअर असती तर आल्याचा अर्क कोणी प्यायला असता? आणि आकडा बदलणं संसदेच्या हातात होतं. ७ एप्रिल १९३३ ला वजनाने ३.२ टक्क्यांची बिअर सुरू झाली, तेव्हा अठरावी दुरुस्ती जागेवरच होती.

दक्षिणवारा
आणि ती बिअर येऊन आठ महिन्यांत दुरुस्ती गेली, वाचली नाही. कारण पैसा. १९१३ मध्ये आयकर आला म्हणून दारूचा महसूल सोडणं परवडलं. मंदीत आयकर आटला आणि तोच महसूल पुन्हा हवा झाला. कायदेमंडळांत बंदीवाल्यांचा जोर होता, म्हणून अठरावी रद्द करणाऱ्या एकविसाव्या दुरुस्तीसाठी राज्याराज्यांत खास अधिवेशनं भरवली. ३६ राज्यांची मंजुरी लागत होती; यूटा ३६वं ठरलं.

मेधा_प
पण बंदीचा अधिकार राज्यांकडे राहिलाच. मिसिसिपीने ती १९६६ पर्यंत चालवली. तिथेही आकड्याचाच दोष होता का, उंबरकर?