घरी इलेक्ट्रिक गिटार ध्वनिमुद्रित करण्यासाठी कोणता ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइक संगणकाला जोडणारे उपकरण) घ्यावा?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे यामाहा पॅसिफिका ११२ ही गिटार आहे. सातपूरहून कामावरून परतल्यावर रात्री दहानंतरच मला वाजवायला वेळ मिळतो, त्यामुळे फ्लॅटमध्ये ॲम्प्लिफायर लावणे शक्य नाही आणि सर्व काही हेडफोनवरच ऐकावे लागते. सध्या मी गिटार थेट विंडोज लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटला जोडतो. आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका येतो आणि तार छेडल्यानंतर तो कानांपर्यंत स्पष्टपणे उशिरा पोहोचतो. शिवाय मागे सतत घूं असा आवाज असतो. धाकटी बहीण गाते, तिचाही आवाज कधीतरी सोबत मुद्रित करायचा आहे. जाहिरातींत १९२ किलोहर्ट्झचा (दर सेकंदाला ध्वनीची किती वेळा मोजणी होते त्या आकड्याचा) उल्लेख ठळकपणे असतो. त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

उत्तर १ (गंगापूर रोड)

आवाज दबका येण्याचे कारण गिटारमध्ये नाही, जोडणीत आहे. पिकअप म्हणजे तारांचे कंपन टिपणारा गिटारवरचा भाग, चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. हे वेटोळे आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक उंचवटा तयार करतात, आणि गिटारच्या आवाजातली चमक मुख्यतः तिथेच असते. माइकच्या इनपुटचा इम्पीडन्स (विद्युत संकेताला होणारा विरोध) अवघा काही किलोओहम असल्याने तो पिकअपवर भार टाकतो व हा उंचवटा सपाट करतो. ट्यूब ॲम्प्लिफायरचा इनपुट सुमारे १ मेगाओहमचा असतो, म्हणून इंटरफेसमध्येही ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेला, १ मेगाओहमच्या आसपासचा इनपुट आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. फोकसराइट स्कार्लेट सोलो, मोटू एम२ आणि ऑडियंट आयडी४ या तिन्हींमध्ये गिटारसाठी असा इनपुट आहे. आयडी४ मधील इनपुट जेफेट ट्रान्झिस्टरवर आधारलेला असून मला त्याचा स्पर्श विशेष आवडतो.

केबलही विनाकारण लांब नको. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारिता वाढते, म्हणून टेबलाशी बसून वाजवणाऱ्याला ३ मीटर पुरते. मुद्रण २४ बिटमध्ये (प्रत्येक मोजणीची बारकाई) करावे आणि सर्वांत जोरात वाजवतानाही पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, लाल दिव्यापर्यंत जाण्याची गरज नसते.

उत्तर २ (देवळाली कॅम्प)

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु हेडफोनवर वाजवणाऱ्याला उशीर हा दबक्या आवाजाहूनही अधिक छळतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. संगणक ध्वनीच्या मोजण्या (सॅम्पल) थोड्या थोड्या साठवून हाताळतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा धरून ५.३, आणि त्यात कन्व्हर्टर व ड्रायव्हरचा थोडा वेळ. तोच बफर ५१२ केला तर नुसत्या बफरचेच २१ मिलिसेकंद होतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभे राहण्यासारखा आहे आणि तो बहुतेकांना चालतो. २१ मिलिसेकंदांवर मात्र बोटे अडखळू लागतात. लहान बफरवरही आवाज न तुटता चालावा, हे उत्पादकाने स्वतः लिहिलेल्या असिओ ड्रायव्हरवर (विंडोजला इंटरफेसशी कमी उशिराने जोडणाऱ्या प्रणालीवर) अवलंबून असते. सामायिक असिओ ड्रायव्हर वापरावा लागेल असे उपकरण विंडोजवर टाळावे.

‘डायरेक्ट मॉनिटर’ या बटणाने उशीर जवळजवळ नाहीसा होतो हे खरे, पण तेव्हा ऐकू येते ती केवळ कोरडी गिटार, संगणकातील ॲम्पचा (ॲम्पची नक्कल करणाऱ्या प्रणालीचा) आवाज नव्हे. बहिणीच्या गायनासाठी ते बटण उपयोगी पडेल, आपल्याला नाही.

१९२ किलोहर्ट्झसाठी जास्त पैसे देऊ नयेत. गिटारचा स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मुद्रित होतो.

उत्तर ३ (पंचवटी)

घूं आवाजाचे कोणीच लिहिले नाही. तो आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा आहे, आणि नवा इंटरफेस घेतल्याने तो आपोआप जाणार नाही. पॅसिफिकाचे पुढचे दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप तो जास्त पकडतात, ब्रिजजवळचा हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) कमी. आधी चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावे. फरक पडला तर चार्जर व घराचे अर्थिंग तपासावे. नंतर गिटार हातात घेऊन खुर्चीवर हळूहळू वळावे, एखाद्या कोनात आवाज लक्षणीय घटतो.

गायनाबाबत: सोलोमध्ये एक माइकचा व एक गिटारचा इनपुट आहे, म्हणजे दोघांचे एकाच वेळी मुद्रण होईल. मात्र हेडफोनचे सॉकेट एकच आहे. आयडी४ मध्ये दोन आहेत, आणि रात्री दहानंतर दोघांनी मिळून काम करायचे असेल तर मी याच एका कारणासाठी तो निवडेन.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आताच चार्जर काढून पाहिले, आवाज निम्म्याहून कमी झाला. खिडकीकडे वळून बसल्यावर आणखी उतरला. दोन हेडफोनचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. रविवारी स्वतःची गिटार आणि लॅपटॉप घेऊन दुकानात जातो व आयडी४ वर १२८ चा बफर लावून वाजवून पाहतो.