ट्रेलरसाठी छोटी टीव्ही अँटेना कुठली घेऊ? (अर्जंट, शुक्रवारी निघतोय)

ओवी_एडिसन (मंगळवार, रात्री ९:५२)
मंडळी पटकन सांगा. कँपिंग ट्रेलरसाठी उचलून नेता येईल अशी टीव्ही अँटेना हवी आहे, उद्या दुपारपर्यंत ऑर्डर टाकली नाही तर वेळेत येणार नाही. एक आणली होती, कागदासारखी पातळ, काचेला चिकटवायची, खोक्यावर ठळक लिहिलंय २५० मैल रेंज. ट्रेलरमध्ये लावली तर दोन चॅनल दिसले, एक स्पॅनिश आणि एक दागिने विकणारं. मग बाहेर खांबाला बांधून जोडली तर शून्य! म्हणजे बाहेर नेल्यावर होतं तेही गेलं. ती परत करतेय. सासू-सासरे आलेत सांगलीहून, सासऱ्यांना सकाळी ११ ला प्राइस इज राइट (वस्तूंच्या किमती ओळखायचा खेळ) लागतंच लागतं आणि नवऱ्याला रविवारी रात्रीची मॅच. बजेट १०० डॉलर. कुठली घेऊ?

बंड्या_बफेलो
कुठे जाताय? ट्रेलर कुठला? अँटेना आतल्या टीव्हीला थेट जोडली की कुठे? तुम्ही डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणताय.

सह्याद्रीचा_वारा
निसर्गात जाऊन टीव्ही??? शेकोटी पेटवा, गाणी म्हणा, चांदणं बघा. आम्ही हरिश्चंद्रगडावर जायचो तेव्हा टॉर्च पण एकच असायचा.

ओवी_एडिसन
@वारा, दादा तुम्ही माझ्या सासऱ्यांना समजवा, मी फोन लावून देते. घरी आले तेव्हा पहिल्या आठवड्यात कंटाळले होते, आता त्या कार्यक्रमातल्या मायक्रोवेव्हची किंमत माझ्याआधी सांगतात.
@बंड्या, ट्रेलर छोटा आहे, १७ फुटी, सेकंडहँड घेतला उन्हाळ्यात. टीव्ही साधा. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला चाललोय, मुलाला स्ट्रासबर्गची वाफेची गाडी दाखवायची आहे, कोलंबस डेचा लाँग वीकेंड आहे ना.

नेटवाला_निल्या
सरळ स्टारलिंक मिनी घ्या, उपग्रहावरून इंटरनेट. मी घेतल्यापासून अँटेना हा शब्दच विसरलो. आकाश मोकळं दिसलं की झालं, टीव्ही, फोन, ऑफिसची मीटिंग सगळं त्यावर. गेल्या महिन्यात अकेडियाला जाऊन आलो, तिथून तर मी

नेटवाला_निल्या
अर्धवट पोस्ट झालं. तर तिथून मी डेमो दिला ऑफिसात, कुणाला कळलंही नाही.

बंड्या_बफेलो
त्यांचं बजेट १०० डॉलर आहे रे. आणि वर महिन्याचं भाडं कोण भरणार. हवेतून येणारं फुकट आहे, तेवढंच विचारलंय त्यांनी.

नेटवाला_निल्या
फुकटच्या नादात दोन चॅनल मिळाले ना. दागिने घ्या मग.

मिरजकर
आमच्याकडे फ्री डिश बेस्ट आहे. साठ सेंटिमीटरची छत्री, एकदाच पैसे, महिन्याला दमडी नाही. जीसॅट-१५ वर ९३.५ अंश पूर्वेला लावायची. मी भावाच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर बसवून दिली आहे, गणपतीपुळ्याला सह्याद्री वाहिनी एकदम क्लिअर. ताई तुम्ही सांगलीचे म्हणून आपुलकीने सांगतोय.

बंड्या_बफेलो
😂 काका तो उपग्रह पेनसिल्व्हेनियातून बघायचा तर जमिनीत खड्डा खणून छत्री उलटी लावावी लागेल.

मिरजकर
हसण्यासारखं काय आहे. माहिती दिली.

तारामावशी
ओवी, "बाहेर खांबाला बांधून जोडली" म्हणजे नेमकी कुठे जोडली गं? वायर खिडकीतून आत घेऊन टीव्हीला लावलीस, की ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर एक छोटं झाकण असतं तिथल्या सॉकेटला?

पॉवरफुल_पप्पू
अँटेना कुठलीही घ्या, खरा खेळ अ‍ॅम्प्लिफायरचा आहे. मी टेक्सासात ३६ डीबीवाला लावलाय, ८० चॅनल. आणि घेताना फोर-के अँटेना असं लिहिलेलीच घ्या, साध्यावर एचडी नीट येत नाही.

तारामावशी
पप्पू, अँटेनाला एचडी आणि फोर-के काही कळत नाही. ती धातूची काडी आहे, लाट पकडते आणि वायरीत सोडते, चित्र कसं आहे ते टीव्ही बघतो. हे शब्द खोक्यावर किंमत वाढवायला असतात. २५० मैल पण तसंच. पृथ्वी गोल आहे, साठ-सत्तर मैलांपुढे टॉवर क्षितिजाखाली जातो, तिथून पुढचं आलं तर त्या दिवशीच्या हवेची कृपा. आणि अ‍ॅम्प्लिफायर आहे तो सिग्नल वाढवतो, नाही तो कुठून आणणार? वर खरखरही त्याच मापाने वाढवतो, टॉवर जवळ असेल तर ट्यूनरच गुदमरतो. तुझ्या घराहून, एडिसनहून, न्यूयॉर्कचे टॉवर तीसेक मैलांवर आहेत, तिथे शून्य येतंय म्हणजे दोष अँटेनाचा नाही, वाटेत कुठेतरी अडलंय.

पॉवरफुल_पप्पू
माझ्याकडे चालतंय मावशी. थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये फरक असतो.

तारामावशी
तीस वर्षं टेलिकॉममध्ये प्रॅक्टिकलच केलंय बाळा. आणि १९ फुटी ट्रेलर आहे माझा, अकरा वर्षं झाली.

ओवी_एडिसन (बुधवार, सकाळी ७:१५)
हो मावशी, झाकणाखालीच. त्यावर केबल असं लिहिलंय. तिथून आतून वायर टीव्हीपर्यंत जात असणार ना? मेनूत अँटेना हेच निवडलंय, केबल नाही, दहा वेळा स्कॅन केलं. ऑर्डर दुपारी टाकायची आहे!!

बंड्या_बफेलो
टीव्हीच्या मागे भिंतीत एक प्लेट असेल, छोटं बटण आणि हिरवा दिवा. ते बटण चालू आहे का? नव्वद टक्के लोक तिथेच फसतात. चालू करा, काम फत्ते.

ओवी_एडिसन
चालूच आहे! दिवा लागलाय! म्हणजे अँटेना चालू आहे ना??

पॉवरफुल_पप्पू
चालूच ठेवा, तोच अ‍ॅम्प्लिफायर आहे. बोललो होतो.

तारामावशी
थांबा रे सगळे. ओवी, ते बटण बंद कर आणि परत स्कॅन कर. आणि छतावर काय आहे ते नवऱ्याला बघायला सांग, पंखासारखी अँटेना दिसते का.

बंड्या_बफेलो
मावशी बंद कसं? बंद केलं तर पॉवरच जाणार.

तारामावशी
कुणाची पॉवर? ते बटण म्हणजे रेल्वेचा सांधा समज. चालू असलं की छपरावरच्या अँटेनाला वायरीतून १२ व्होल्ट जातात आणि टीव्ही छपराशी जोडला जातो. बंद केलं की टीव्ही बाहेरच्या झाकणाशी जोडला जातो, म्हणजे कँपग्राउंडची केबल लावायची ती जागा. ही बाई झाकणात अँटेना लावून बसलीये आणि टीव्ही बघतोय छपराकडे. छपराची अँटेना धड असती तर काहीतरी आलं असतं, शून्य येतंय म्हणून विचारलं वर काय आहे.

ओवी_एडिसन (बुधवार, दुपारी १२:४०)
मावशीीीी!! ५७ चॅनल!!! तीच कागदी अँटेना! फक्त बटण बंद केलं! मी लंच ब्रेकमध्ये ड्राइव्हवेत एकटी ओरडले, शेजारीण बाहेर आली.
छपरावर नवरा चढला होता, म्हणतो मधोमध एक गोल बुड आहे, त्यातून वाकलेला दांडा आलाय आणि पुढे काही नाही. आणि आत छतात एक हँडल आहे, ते आम्हाला इतके दिवस हवेच्या झडपेचं वाटत होतं, फिरवून फिरवून दमलो होतो, झडप काही उघडायची नाही.

तारामावशी
ती वाइनगार्ड कंपनीची बॅटविंग, म्हणजे पंखासारखी अँटेना होती बघ, हँडलने वर करायची आणि निघताना खाली करायची. आधीच्या मालकाने वर ठेवूनच गाडी हाणली असणार, एखाद्या फांदीने नेली. फार कॉमन आहे. मी आमच्या हँडलला लाल रिबन बांधलीये आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या किल्लीला. आणि आत लावल्यावर दोनच चॅनल का, तर तुझ्या ट्रेलरला बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असणार. पत्र्याच्या डब्यात लाट शिरत नाही, खिडकीतून येईल तेवढीच.

चाळीतला_चिंटू
हे वाचून लहानपण आठवलं. कोथरूडला आमच्या गच्चीत सगळ्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे. रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या ऐन वेळी मुंग्या यायच्या की मी वर, आई खिडकीत, बाबा टीव्हीपाशी. "आलं का?" "आलं आलं... गेलं!" आणि ज्या क्षणी मी हात सोडायचो त्या क्षणी जायचं. एकदा अख्खा सिनेमा मी गच्चीत अँटेना धरून ऐकला. शेवट काय झाला ते अजून माहीत नाही.

सह्याद्रीचा_वारा
+१ आमच्या शेजाऱ्यांनी अँटेनाला जर्मनची ताटली बांधली होती. कावळे बसायचे.

मिरजकर
आता ते टॉवर बंद झाले सगळे बहुतेक. म्हणून म्हणतो फ्री डिश.

ओवी_एडिसन
अवांतर छान आहे पण माझा प्रश्न 😅 म्हणजे आता नवीन अँटेना घ्यायचीच नाही ना?

तारामावशी
घरासमोर चाललं म्हणून लँकेस्टरला चालेल असं नाही. सासऱ्यांचा कार्यक्रम सीबीएस नेटवर्कवर लागतो, ते तिकडे २१ नंबरवर दिसेल, हॅरिसबर्गचं, ते तुझ्या कागदावर यायला हवं. नवऱ्याची मॅच कुठल्या चॅनलवर आहे?

ओवी_एडिसन
रविवार रात्र म्हणजे एनबीसी.

तारामावशी
तीच गोम आहे. लँकेस्टरचं एनबीसी म्हणजे ८ नंबर, आणि ते खरोखर ८ वरच येतं, व्हीएचएफवर, म्हणजे लांब लाटांच्या पट्ट्यात. तुझी कागदी अँटेना यूएचएफसाठी, म्हणजे आखूड लाटांसाठी कापलेली आहे.

बंड्या_बफेलो
डिजिटल झाल्यावर व्हीएचएफ बंद नाही का झालं?

तारामावशी
नाही. १२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग बंद झालं, व्हीएचएफ नाही. गोंधळ यामुळे होतो की टीव्हीवर दिसतो तो नंबर नुसती पाटी आहे. न्यूयॉर्कचं सीबीएस २ अशी पाटी लावतं पण येतं यूएचएफवर. तिथलंच एबीसी मात्र ७ म्हणतं आणि खरंच ७ वर असतं. फिलाडेल्फियाचं एबीसी तर अजून ६ वर, तिथे व्हीएचएफचा सगळ्यात खालचा पट्टा, लोक वैतागतात त्याच्यावर. लाट जेवढी लांब तेवढी काडी लांब. चिंटूच्या गच्चीतल्या त्या आडव्या नळ्या एवढ्या लांब का होत्या, तर यासाठी.
ओवी, शंभर डॉलर राहू देत. पंधरा-वीस डॉलरची जुन्या पद्धतीची सशाचे कान वाली अँटेना मिळते, दोन ताणायच्या काड्या आणि मधे एक कडं. कडं यूएचएफला, काड्या व्हीएचएफला. ८ साठी एकेक काडी साधारण ४० सेंटिमीटर ताण, जास्त नको, आणि इंग्रजी व्ही नाही, जवळजवळ आडव्या कर. रंगाऱ्याचा लांब होणारा दांडा असतो ना भिंती रंगवायचा, त्याच्या टोकाला बांध. टॉवर कुठल्या दिशेला ते रॅबिटइअर्सच्या साइटवर कँपग्राउंडचा पत्ता टाकून बघ. आणि तिथे पोचल्यावर स्कॅन नव्याने करायचं, घरची यादी तिकडे चालत नाही. वीज कडाडायला लागली की दांडा खाली.

पॉवरफुल_पप्पू
आणि अ‍ॅम्प्लिफायर.

तारामावशी
नको.

नेटवाला_निल्या
एवढ्या वेळात स्टारलिंक लावून मॅच बघून झाली असती. (दिवे घ्या, गंमत करतोय)

ओवी_एडिसन (रविवार, रात्री ११:३०)
कँपग्राउंडवरून लिहितेय, नेट रडतखडत आहे. शुक्रवारी ट्रॅफिकमध्ये अडकलो, ११ चा कार्यक्रम हुकला, सासरे हॅरिसबर्गपर्यंत काही बोलले नाहीत म्हणजे समजा. आज मॅचला अर्धा तास असताना ८ नंबर येईना, ससा दांड्यावर, नवरा खाली दांडा फिरवतोय, मी दारात, सासरे टीव्हीपाशी "आलं... गेलं..." चिंटू तुमची फार आठवण आली. पश्चिमेकडे वळवल्यावर आलं पण दर दोन मिनिटांनी चौकोन चौकोन व्हायचे. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं मी बाहेरचे दिवे लावले की बिघडतंय बहुतेक." दाराबाहेरच्या कापडी छताच्या (ऑनिंगच्या) कडेला एलईडीची पट्टी आहे ना, ती! बंद केली तर स्वच्छ. परत लावली, परत चौकोन. तीन वेळा करून बघितलं. मॅच अंधारात बसून बघितली.

तारामावशी
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर खरखर सोडतो आणि ती नेमकी व्हीएचएफला बाधते. हे मी तुला सांगायला विसरले होते.

बंड्या_बफेलो
एडिसनहून लँकेस्टरला जाताना हॅरिसबर्ग कुठून आलं वाटेत?

ओवी_एडिसन
एक्झिट चुकला. त्यावर वेगळा धागा निघेल.
मावशी एक राहिलंच, रात्री थोडा पाऊस झाला आणि छपरावरच्या त्या मोडक्या बुडातून थेंब थेंब पाणी येतंय, बरोबर हँडलपाशी, खाली सासऱ्यांची गादी. आत्ता पातेलं ठेवलंय. काय लावू? सकाळी लवकर सांगा प्लीज, ११ ला टीव्ही लागणार आहे.

तारामावशी
छप्पर रबराचं आहे की फायबरचं? फोटो टाक. आणि ट्रेलरचं मॉडेल आणि साल, या वेळी आधी.